साबणच तर आहे!

चैत्र सरत आला की बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर घरापुढे निळे ड्रम ओळीने उभे राहतात. दोनशे लिटरचे, जाड प्लॅस्टिकचे, वरचा भाग कापून तोंड मोठं केलेले. टँकर येतो, ड्रम भरून जातो आणि पुढची खेप येईपर्यंत घर त्यावर निभतं. २०१२-१३, २०१५-१६, २०१८-१९ असे दुष्काळ पाठोपाठ काढलेल्या या बालाघाटाच्या डोंगररांगेवर ड्रम नसलेलं घर शोधावं लागेल.

हे ड्रम क्वचितच कोरे असतात. कुठल्या तरी कारखान्यात रसायन घेऊन आलेले, तिथं रिकामे झालेले आणि भंगारवाल्याच्या हातून बाजारापर्यंत पोचलेले. घेणारा विचारतो, "कशाचा होता?" विकणारा सांगतो, "साबणाचा." व्यवहार होतो.

पुष्कळदा ते खरंही असतं. शाम्पू, हँडवॉश, भांडी घासायचं जेल करणाऱ्या कारखान्यांत सोडियम लॉरेथ सल्फेट नावाच्या कच्च्या मालाचे ड्रम ढिगाने रिकामे होतात. पण 'साबणाचा' हा शब्द विकणाऱ्याच्या तोंडी हमीपत्राइतका पक्का नसतो. ड्रमात पाणी घालून हलवलं आणि भरपूर फेस आला, तर विकणारा खरं बोलत असावा, पण पक्की खात्री नाही. पाच-सात वेळा विसळून फेस येईनासा झाला की साबणाचा अंश जवळपास गेला. फेस आलाच नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. त्यात आधी काय होतं हे तुम्हाला कळलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. कीटकनाशक किंवा विरघळवणारी तेलकट द्रव्यं प्लॅस्टिकच्या अंगात मुरतात आणि उन्हात तापलेल्या ड्रमातून हळूहळू पाण्यात उतरतात. ती कितीही घासली तरी निघत नाहीत. म्हणून जुना ड्रम धुण्या-भांड्याच्या पाण्याला ठेवावा, पिण्याच्या पाण्याला नको. टंचाईत हे सांगणं सोपं आणि पाळणं अवघड आहे, हे मान्य करूनच सांगतो.

आता त्या 'साबणा'कडे वळू. व्यापारात त्याला एसएलईएस म्हणतात. गावोगावच्या बचत गटांत भांड्यांचं जेल, लादी पुसायचं लिक्विड, हँडवॉश बनवायचं प्रशिक्षण होतं, तिथं त्याचं नाव नुसतं 'पेस्ट'. पांढरट, मोतिया झाकेचा, बोटाला तार धरणारा घट्ट लगदा. कारखान्यात तो सुमारे १६०-१७० किलोच्या ड्रमातून येतो. गटाच्या ताईंच्या हाती तो किलो-दोन किलोच्या पिशवीतून पडतो. या फरकाकडे पुन्हा यावं लागेल, कारण ड्रमावर धोक्याचं लेबल असतं आणि पिशवीवर बहुधा काहीच नसतं.

पेस्टचं मूळ खोबरेल तेलात किंवा पाम फळाच्या बियांतल्या गराच्या तेलात आहे. तेलातून लॉरिल अल्कोहोल काढतात, त्याला इथिलीन ऑक्साईडच्या दोन-तीन कड्या जोडतात, मग सल्फर ट्रायऑक्साईडने त्याचं सल्फेट करतात आणि शेवटी कॉस्टिक सोड्याने आम्लता मारतात. यातला इथिलीन ऑक्साईड हा विषारी, स्फोटक आणि कर्करोगकारक वायू. सल्फर ट्रायऑक्साईड पाण्याला शिवला की त्याचं गंधकाम्ल होतं. असल्या आईबापांच्या पोटी हे शांत लेकरू निपजतं. हे काम बंदिस्त यंत्रांतच होतं, कुणाच्या पडवीत नाही. १९८० साली सुरू झालेली आणि तारापूर, तळोजा इथं कारखाने असलेली गॅलक्सी सर्फॅक्टंट्स ही महाराष्ट्रातली कंपनी या धंद्यात जगभर माल पुरवते. पेस्ट आपल्याकडे परदेशातून येते असं काहींना वाटतं, ते खरं नाही.

या कुळातल्या सगळ्या द्रव्यांचं काम एकाच गोष्टीवर चालतं. रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. पाण्यात टाकल्यावर तेलकट टोकांना पाण्यात राहवत नाही, म्हणून ते रेणू पृष्ठभागावर गर्दी करतात आणि पाण्याचा ताण उतरवतात. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटनच्या आसपास असतो. चिमूटभर साबणी द्रव्याने तो ३० च्या घरात येतो. पृष्ठभाग भरला की उरलेले रेणू पाण्यातच गोळा होऊन बारीक पुंजके करतात: तेलकट टोकं आत, पाणी आवडणारी बाहेर. कढईची ओशट चिकटी याच पुंजक्यांच्या पोटात शिरते आणि पाण्याबरोबर निघून जाते. रिठ्याचा आणि शिकेकाईचा फेसही असाच. फरक इतकाच, की बोअरच्या जड पाण्यात साध्या साबणाचा कॅल्शियमबरोबर चोथा होतो आणि बादलीच्या काठाला पांढरा थर बसतो. पेस्टचा तसा होत नाही. मराठवाड्यातल्या काळ्या कातळाखालचं पाणी उपसणाऱ्यांनी वडीचा साबण सोडून पावडर आणि जेल का धरलं, याचं निम्मं उत्तर यात आहे. उरलेलं निम्मं जाहिरातीत.

मग पेस्टला सौम्य म्हणतात ते कशामुळे? याचा सख्खा भाऊ सोडियम लॉरिल सल्फेट हा कातडीला त्रास देण्यात इतका भरवशाचा आहे, की त्वचारोगाच्या संशोधनात मुद्दाम कातडी चिडवायची असते तेव्हा त्याचीच पट्टी २४ तास लावून ठेवतात. कातडीला इजा करतात ते मुख्यतः पुंजक्यांतले रेणू नव्हेत, सुटे रेणू. ते वरच्या थरातल्या प्रथिनांना चिकटतात, पेशींमधली चरबी धुऊन नेतात, आणि मग कातडी ओल धरू शकत नाही. लॉरिल सल्फेट लिटरला साधारण सव्वादोन ग्रॅमच्या पुढे गेल्यावर कुठे पुंजके करायला लागतं. लॉरेथमध्ये मधल्या त्या दोन-तीन कड्यांमुळे पुंजके कितीतरी आधी बनतात, म्हणून सुटे रेणू कमी उरतात. त्यात खोबऱ्यापासूनच काढलेलं कोकामिडोप्रोपिल बीटेन थोडं मिसळलं की दोघांचे मिश्र पुंजके अजून घट्ट होतात आणि शाम्पू आणखी मवाळ होतो. कारखान्याच्या भाषेत सौम्य म्हणतात ते याला, आणि ते बरोबरच आहे: केस धुताना डोक्यावर मिनिटभर राहणाऱ्या, दहा-बारा टक्क्यांच्या, लगेच पाण्याने वाहून जाणाऱ्या द्रावणाबद्दल.

पिशवीतली पेस्ट सत्तर टक्क्यांची असते. युरोपातल्या वर्गीकरणात या द्रव्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेलं की ते 'डोळ्यांना गंभीर इजा' करणाऱ्यांत मोजतात. पाच ते दहा टक्क्यांत 'डोळ्यांची जळजळ'. कातडीला सत्तर टक्क्यांची पेस्ट चिडवणारी, आणि पाण्यातल्या जिवांना दीर्घकाळ हानिकारक. गिळल्यावर मात्र तिचं तीव्र विष होत नाही, श्वासातून जाण्याचा प्रश्न नाही कारण ती उडत नाही, आणि ती पेट घेत नाही. धोक्याची ही यादी लहान आहे, पण तिच्यात डोळा आहे. जेल बनवताना सगळ्यांत जास्त शिंतोडे उडतात तेही डोळ्यांच्याच उंचीवर.

ते का उडतात हे पाहण्यासारखं आहे. नवशिक्या बायका पेस्टचा लगदा बादलीत टाकून त्यावर तांब्याने पाणी ओततात. होतं काय, की पेस्ट पातळ व्हायच्या ऐवजी दगडासारखी घट्ट होते. हा भास नव्हे. सत्तर टक्क्यांना पेस्टमधले रेणू सपाट थर करून असतात. थर एकमेकांवरून घसरतात म्हणून ती ओतता तरी येते. पाणी वाढून प्रमाण तीस ते साठ टक्क्यांच्या दरम्यान आलं की थर मोडून लांब दांडे बनतात आणि ते उसाच्या मोळीसारखे एकमेकांना खेटून रचले जातात. मोळीतला एक ऊस जसा सहज निघत नाही तसं हे मिश्रण हलेना होतं. मग जोर लावून दांडक्याने ढवळणं, ड्रिल मशीनला पंखा लावून फिरवणं सुरू होतं; गोळा सुटतो, डबक्कन पाण्यात पडतो, आणि पन्नास टक्क्यांचा शिंतोडा तोंडावर येतो.

उपाय साधा आहे. पाणी आधी, पेस्ट नंतर. लागणारं सगळं पाणी बादलीत घ्यायचं, पेस्ट थोडी थोडी सोडायची, हळू फिरवायचं. गोळे राहिले तर राहू द्यायचे, झाकून ठेवायचं. रात्रभरात ते आपोआप विरघळतात. घाई करून फिरवलं की नुसता फेस होतो आणि तो खाली बसायला तेवढाच वेळ लागतो. मार्गशीर्षाच्या थंडीत पेस्ट थिजते तेव्हा पिशवी उन्हात ठेवावी किंवा कोमट पाण्यात; थेट चुलीवर नको. फार तापलेली आणि त्यात आम्लाचा अंश गेलेली पेस्ट स्वतःच फुटत जाते, आम्लता वाढते आणि माल बिघडतो.

पुढची पायरी मिठाची, आणि ती बघण्यात खरी गंमत आहे. पातळ पाण्यासारख्या द्रावणात चमचा-चमचा मीठ विरघळवत गेलं की ते बघता बघता जेल होतं. मिठातल्या सोडियममुळे रेणूंच्या पाणी आवडणाऱ्या टोकांचं परस्परांना ढकलणं कमी होतं, गोल पुंजके लांबत जातात, लवचिक होतात आणि एकमेकांत गुंततात. अनुभवी बाई इथं हात आखडता घेते, कारण आणखी दोन चमचे मीठ पडलं की तेच जेल पुन्हा पाण्यासारखं पातळ होतं. गुंतलेल्या दांड्यांची पकड सुटते. आणि मग ते परत दाट होत नाही. पाणी-पेस्ट वाढवून घाणा सावरावा लागतो. यातून गिऱ्हाइकासाठीही एक गोष्ट निघते. बाटली उलटी केल्यावर जेल हळू उतरतं म्हणून ते 'स्ट्राँग' असं आपण समजतो. तो दाटपणा तीन-चार रुपयांच्या मिठाचा असू शकतो. किलोभर पेस्टमधून सहा-सात लिटर जेल काढलं तर द्रावण दहा टक्क्यांच्या आसपास येतं. कुणी पंधरा लिटर काढून मिठाने दाट केलं तर डोळ्यांना कळणार नाही, घासणीला कळेल.

आता डोळ्यात शिंतोडा गेलाच तर. कातडीला वरून मेलेल्या पेशींचं जाड कवच असतं. बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला तसं काही नाही. साबणी द्रव्य पेशींचं चरबीचं आवरणच विरघळवतं, म्हणून तिथं त्याला अडवायला कुणी नाही. उपाय एकच, लगेच आणि बराच वेळ पाण्याने धुणं. जगभरच्या कारखान्यांत डोळे धुवायच्या नळासाठी जे अमेरिकी मानक वापरतात त्यात मिनिटाला दीड लिटर पाणी, सलग पंधरा मिनिटं, आणि नळ दहा सेकंदांच्या अंतरावर अशी अट आहे. हिशेब केला तर साडेबावीस लिटर. पाटोद्याच्या मे महिन्यात साडेबावीस लिटर स्वच्छ पाणी म्हणजे दोन हंडे, आणि डोळा चुरचुरतोय म्हणून दोन हंडे ओतून द्यायला घरात कुणाचा हात धजत नाही. दोन चुळकाभर पाणी मारलं, पदराने पुसलं, झालं. म्हणून जेल करायला बसण्याआधी दोन हंडे पाणी आणि एक तांब्या बाजूला भरून ठेवावा, आणि ते पाणी त्या दिवशी कुणी मोजू नये. पापण्या बोटांनी उघड्या धरून धार सोडायची, डोळा फिरवत राहायचं, चोळायचा नाही. नंतर लाली, धूसर दिसणं किंवा उजेडाचा त्रास राहिला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. दूध, गुलाबपाणी, तूप यातलं काही घालायचं नाही. आणि साडेतीनशे रुपयांच्या आत मिळणारा प्लॅस्टिकचा चष्मा घातला तर हे सगळं वाचतं. पण चष्मा घालून जेल ढवळणाऱ्या बाईला गल्ली हसते, ही अडचण रसायनशास्त्राच्या बाहेरची आहे.

नैसर्गिक वस्तूंबद्दलचा आपला भाबडेपणा इथं जरा बाजूला ठेवावा. बालाघाटाची सीताफळं नावाजलेली, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे. त्याच फळाच्या बियांची पूड उवा मारायला डोक्याला लावायची जुनी रीत आहे, आणि ती पूड डोळ्यात जाऊन बुबुळाला जखमा झालेले रुग्ण भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी नोंदवलेले आहेत. झाडावरची बी आणि कारखान्यातली पेस्ट यांत डोळा भेद करत नाही.

खरं सांगायचं तर बचत गटाच्या त्या खोलीत मला सगळ्यांत कमी भीती पेस्टची वाटते. तिच्या शेजारी काय ठेवलंय ते बघावं. कपड्यांची पावडर करायची म्हणून आणलेली 'ॲसिड स्लरी': काळपट तपकिरी, काकवीच्या दाटपणाची, नव्वद टक्क्यांच्या वर तीव्र आम्ल. तिची आम्लता मारायला आणलेला कॉस्टिक सोडा: पांढरे खडे, हवेतली ओल पिऊन ओघळणारे. तो पाण्यात पडताच भांडं हाताला धरवत नाही इतकं तापतं, म्हणून कॉस्टिक पाण्यात थोडा थोडा टाकायचा असतो, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नसतं. डोळ्याला कॉस्टिक म्हणजे संकट: क्षार आत-आत झिरपत जातो आणि वरून डोळा बरा दिसत असताना आतून जळत असतो. 'जेल टिकावं म्हणून' दिलेली फॉर्मेलिनची छोटी बाटली: तिच्या वाफेतला फॉर्माल्डिहाईड आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करतो हे सिद्ध झालेल्या यादीत आहे, आणि हाताला ॲलर्जी आणण्यातही तो पटाईत. दार लावलेल्या खोलीत ती बाटली उघडणं मला पेस्टच्या दहा ड्रमांपेक्षा जास्त जोखमीचं वाटतं. आणि कोपऱ्यात ग्रामपंचायतीच्या शिपायाने ठेवलेलं, पाणी निर्जंतुक करायच्या टीसीएल पावडरचं पोतं. त्यावर स्लरी किंवा संडास साफ करायचं ॲसिड सांडलं की क्लोरीन वायू सुटतो. पेस्ट आणि टीसीएल एकत्र आली तर तसं काही होत नाही, पण बाई घाईत असते आणि बाटल्या सगळ्या सारख्याच असतात.

त्या बाटल्याच खरा घोळ करतात. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत हिरवं, लिंबाच्या वासाचं जेल भरून ठेवलं, तर चार वर्षांच्या पोराने ते तोंडाला लावणं यात पोराची काही चूक नाही. जेल थोडं पोटात गेलं तर बहुतेक वेळा मळमळ, एखादी उलटी, जुलाब, एवढ्यावर निभतं. धोका पुढच्या उपचाराने होतो. आपल्याकडे विषारी काही पोटात गेलं म्हटलं की मिठाचं पाणी पाजून, घशात बोटं घालून ओकारी काढायची पद्धत आहे. साबणी द्रव्याच्या बाबतीत ओकारी काढायचीच नाही. पोटातला फेस वर येताना श्वासनलिकेत शिरतो, फुफ्फुसातल्या बारीक फुग्यांना उघडं ठेवणारा नैसर्गिक ओशट थर मोडतो, आणि साध्या पोटदुखीचं न्यूमोनियात रूपांतर होतं. कॉस्टिक गिळलं असेल तर ओकारीने अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. तोंड पुसून काढायचं, चूळ भरायला लावायची, शुद्धीवर असेल तर घोट-दोन घोट पाणी द्यायचं, तांब्याभर नाही. खोकला लागला, धाप लागली, पोर सुस्तावलं किंवा बाटलीत नक्की काय होतं हेच माहीत नसलं, तर १०८ ला फोन आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना. डॉक्टर अशा वेळी फेस मोडणारं सिमेथिकोन देतात. घरच्या घरी देण्यासारखं ते नाही, कारण आधी श्वास तपासावा लागतो.

सांडल्यावरचं वागणंही उलटं लागतं. पाणी सांडलं तर पुसतो, तेल सांडलं तर धुतो, म्हणून पेस्ट सांडली की लोक तिच्यावर बादली ओततात. मग अंगणभर फेस आणि शहाबादी फरशीवर पाय ठरेना. माती, राख किंवा लाकडाचा भुसा टाकून आधी गोळा करावं, घमेल्यात भरावं, उरलेलं ओल्या फडक्याने काढावं. या द्रव्याने होणाऱ्या दुखापतींत घसरून मोडलेले खुबे-मनगटं धरायची झाली तर ते 'सौम्य' राहायचं नाही.

रोज हाताळणाऱ्यांच्या हातांचं दुखणं वेगळं आणि हळू चालीचं. एका दिवसात काही होत नाही. महिना-दोन महिन्यांनी बोटांच्या बेचक्यांत खाज, मग साल निघणं, थंडीत भेगा, भेगांत हळद-तिखट गेलं की आग. धुणीभांडी करणाऱ्या बायकांना हे नवं नाही. यातली बहुतेक प्रकरणं ॲलर्जीची नसतात, वरचेवर चरबी धुतली गेल्याने कातडी उघडी पडल्याची असतात. कातडी स्वतः किंचित आम्लधर्मी असते, साध्या वडीच्या साबणाचं पाणी चांगलंच क्षारधर्मी. त्या मानाने पेस्टचं द्रावण उदासीन असल्याने थोडं बरं. खरी ॲलर्जी आली तर ती बहुधा टिकाऊपणासाठी घातलेल्या द्रव्यांची किंवा बीटेनमधल्या अशुद्धीची. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००४ साली कोकामिडोप्रोपिल बीटेनला 'वर्षाचं ॲलर्जीकारक' ठरवलं होतं. ज्याला मवाळपणासाठी आणलं त्याचाच हा मान. रबरी हातमोजे कोरड्या हातावर घालावेत, आत पाणी गेलं तर काढून हात पुसून पुन्हा घालावेत. ओल्या मोज्यात हात तासभर शिजला तर मोजे नसलेले बरे. काम संपल्यावर खोबरेल तेल, झोपताना पुन्हा एकदा. याच तेलातून काढलेल्या द्रव्याने नेलेलं तेल परत द्यायचं, एवढाच तो हिशेब.

पेस्ट शेतात जात नाही, पण तिची भावकी जाते. कापसाच्या पानावर, कांद्याच्या पातीवर मेणाचा थर असतो. त्यावर पाण्याचा थेंब गोल होऊन घरंगळतो. म्हणून पंपात औषधाबरोबर 'स्टिकर' टाकतात. साधे स्टिकर पाण्याचा ताण तीसपर्यंत आणतात, सिलिकॉनचे महागडे वीस-एकवीसपर्यंत, आणि थेंब पानभर पसरतो. कृषी विभागाची निंबोळी अर्काची जुनी शिफारस पाहा: पाच किलो निंबोळ्यांचा चुरा रात्रभर भिजवून गाळायचा, त्यात दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा लिटरभर पाण्यात विरघळवून घालायचा आणि शंभर लिटर करायचं. तो साबण अळी मारायला नाही, अर्क पानाला धरायला आहे. पण पानाच्या मेणातून औषध आत न्यायला जे मदत करतं ते कातडीच्या चरबीतूनही वाट सोपी करतं. स्टिकर एकटा हातावर सांडला तर धुतला की संपलं. औषधात मिसळल्यावर त्याच थेंबाचा दर्जा बदलतो. २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा चर्चा झाली ती जहाल औषधांची, डोक्यापर्यंत वाढलेल्या कापसाची आणि उघड्या अंगाने केलेल्या फवारणीची, आणि ती योग्यच होती. स्टिकरकडे तेवढं कुणी पाहत नाही. ग्लायफोसेटच्या तणनाशकात मिसळल्या जाणाऱ्या चरबीजन्य साबणी द्रव्याचं पाण्यातल्या जिवांवरचं विषारीपण खुद्द ग्लायफोसेटहून जास्त निघालं, आणि युरोपीय संघाने २०१६ मध्ये ग्लायफोसेटबरोबर त्याचा वापर बंद केला. मुख्य औषध बाजूला राहिलं आणि मदतनीसावर बंदी आली.

पाण्यात गेल्यावर पेस्टचं काय होतं, हा प्रश्न पाटोद्याला इतर गावांहून जवळचा आहे. तालुका पाणलोटाच्या माथ्यावर बसलेला. गवळवाडीजवळ मांजरा उगम पावते आणि पुढे धनेगावच्या धरणातून लातूर शहराला पाणी देते. सिंदफणा उत्तरेला गोदावरीकडे निघते. सौताड्याला दरीत उडी घेणारी विंचरणा सीनेच्या वाटेने भीमेकडे जाते. इथलं सांडपाणी कुणाच्या तरी पिण्याच्या पाण्याच्या वरच्या अंगाला असतं. त्यातल्या त्यात दिलासा असा, की एसएलईएस जिवाणूंना आवडतं. हवेशीर पाण्यात ते चार आठवड्यांच्या आत बहुतांश मोडून जातं. १९५० च्या दशकातली फांद्यांच्या साखळीची डिटर्जंटं अशी मोडत नव्हती. त्यांनी युरोप-अमेरिकेच्या नद्यांवर फेसाचे डोंगर चढवले, मग पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला आणि १९६५ पर्यंत अमेरिकी उत्पादकांनीही सरळ साखळीचा माल धरला. आळंदीला वारीच्या तोंडावर इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस दिसतो तो द्रव्य मोडत नाही म्हणून नव्हे, तर प्रक्रिया न केलेलं सांडपाणी मोडण्याच्या वेगापेक्षा जास्त येतं म्हणून.

आणि मोडण्याआधीच्या त्या दिवसांत माशांच्या कल्ल्यांना लिटरला काही मिलिग्रॅम पुरतात. मोठ्या वाहत्या नदीत एवढं प्रमाण सहसा होत नाही. पाटोद्यात ओढ्याला वर्षातले सात-आठ महिने धारच नसते. डोहात साचलेल्या पाण्यात बादलीभर पेस्टचं पाणी गेलं तर ते सौम्य करायला दुसरं पाणी येत नाही. आदर्श गाव म्हणून गाजलेलं भास्करराव पेरे पाटलांचं पाटोदा हे नव्हे, ते छत्रपती संभाजीनगरजवळचं. पण सांडपाण्याची व्यवस्था लावण्याची त्याची सवय नावबंधू म्हणून उसनी घ्यायला हरकत नाही. विहीर-बोअरपासून लांब शोषखड्डा, त्याच्या आधी ओशट थर अडवायला एक छोटं टाकं, आणि गाळ वरचेवर काढणं, एवढ्यावर घरचं धुण्या-भांड्याचं पाणी सांभाळतं. जेल बनवणाऱ्या गटाला तर तेवढंही बाहेर सोडायची गरज नाही. पिशवी, बादली आणि ढवळणी विसळलेलं फेसाळ पाणी म्हणजे पातळ मालच. ते डब्यात झाकून ठेवावं आणि चार-आठ दिवसांत पुढच्या घाण्याला पाण्याऐवजी घ्यावं. उन्हाळ्यात त्याहून जास्त ठेवू नये, वास धरतं.